सीलबंद पीठ

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि बाजारातले तराजू तपासत हिंडायचे, म्हणून दुकानदारांनी त्यांना काटेसाहेब करून टाकलं. पुढे ते नाव त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं आणि जिन्यातल्या पाटीवरच्या खऱ्या आडनावाकडे कुणी ढुंकूनही पाहीनासं झालं. यात तक्रार होती ती फक्त त्यांच्या पत्नीची. "एक आडनाव लग्नात बदललं तेवढं पुरे झालं," असं त्या म्हणायच्या. पण शेजारीपाजारी त्यांना काटेवहिनी म्हणायचे ते म्हणायचेच.

काटेसाहेब स्वभावाने गरीब, निर्व्यसनी आणि वेळेवर घरी येणारे होते. त्यांना एकच खोड होती. पहिला घास तोंडात घातला की ते डोळे मिटायचे, जीभ टाळूला लावायचे आणि निकाल द्यायचे. "मीठ किंचित पुढे गेलंय." किंवा, "आज आंबटपणा एक कणभर मागे आहे." आवाजात राग नसायचा. बाजारात तराजूचं पारडं एका बाजूला झुकलेलं दिसलं की ते ज्या निर्विकारपणे सांगायचे, त्याच निर्विकारपणे. वहिनी आठवडाभर पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांची पार्सलं तोलत असत आणि संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक करत. तोलणाऱ्या माणसांना आपणही तोललं जावं असं सहसा वाटत नाही.

एका रविवारी त्यांनी भाताची वाटी काटेसाहेबांपुढून उचलली आणि शांतपणे विचारलं, "तुम्हाला येतो का हो स्वयंपाक?"

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. काटेसाहेब म्हणाले, "येण्यासारखं काय आहे त्यात? माप अचूक असलं की पदार्थ अचूक."

कॉलेजात जाणारी लेक समोरच बसली होती. तिने चमचा खाली ठेवला आणि खुर्ची जरा मागे सरकवली. स्फोट होणार असला की माणूस सुरक्षित अंतरावर जातो तशी.

"ठरलं तर मग," वहिनी म्हणाल्या. "दर रविवारी एक नवीन पदार्थ. तुम्ही करायचा. केलेला पुन्हा करायचा नाही. एक रविवार जरी चुकला, तर वर्षभर समोर येईल ते खायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

"आणि नाही चुकला तर?"

"तर बोला काय बोलायचं ते. मी ऐकेन."

म्हणजे पणाला लागलं होतं ते काटेसाहेबांचं मतस्वातंत्र्य. ते गमावलेला माणूस जेवू शकतो, पण त्याला जेवण म्हणत नाहीत, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांनी तिथल्या तिथे आव्हान स्वीकारलं.

पहिल्या रविवारी सूप झालं. म्हणजे व्हायला हवं होतं. पाककृतीत "चवीपुरतं मीठ" असं लिहिलेलं होतं आणि काटेसाहेब तिथेच अडकले. कुणाच्या चवीपुरतं? लिहिणाऱ्याच्या की खाणाऱ्याच्या? दोघांत तफावत निघाली तर जबाबदार कोण? ते या प्रश्नांचा विचार करत असताना सूप आटत गेलं आणि शेवटी भांड्यात जे उरलं ते चमच्याने नव्हे तर सुरीने काढावं लागलं. लेकीने ते पावाला लावून खाल्लं आणि "चटणी म्हणून छान आहे," असा अभिप्राय दिला. पदार्थ झाला हे महत्त्वाचं; कोणता झाला हा तपशील.

त्यानंतरच्या रविवारी भरलेल्या टोमॅटोंनी आतलं सारण बाहेर टाकून दिलं. मग पुडिंग झालं, ते शेवटपर्यंत घट्ट व्हायला तयार होईना, म्हणून पेल्यांतून प्यायलं गेलं. पण काटेसाहेब हटले नाहीत. पोटावर ॲप्रन, नाकावर चष्मा आणि ओट्यावर छोटा तराजू अशा थाटात ते दर रविवारी उभे राहत. एक पदार्थ करायला त्यांना घरातली सगळी भांडी लागत, कारण एका मापाचा दुसऱ्या मापाला स्पर्श होऊ देणं त्यांना मंजूर नव्हतं. स्वयंपाक संपला की ते थकून आरामखुर्चीत बसत आणि वहिनी भांडी घासायला घेत. हा भाग करारात आलेला नव्हता, त्यामुळे त्यावर कुणी बोलतही नव्हतं.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावर निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्या दर रविवारी सकाळी येऊन काटेसाहेबांच्या पातेल्यात डोकावायच्या आणि रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलावं तशा हलक्या आवाजात वहिनींना म्हणायच्या, "अजून काही सांगता येत नाही." समोरच्या दारातले विमेवाले गॅस पेटवण्यापूर्वी यायचे आणि आगीच्या विम्याचं माहितीपत्रक ठेवून जायचे. सेक्रेटरींचं म्हणणं असं होतं की वास येणारा पदार्थ करायचा असेल तर सोसायटीला आधी कळवावं. वास न येणारा पदार्थ कोणता, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

असे काही रविवार पार पडल्यावर काटेसाहेबांच्या अंगात बळ आलं आणि त्यांनी जाहीर केलं, "या वेळी पाव."

"पाव?" वहिनींच्या हातातलं फडकं थांबलं. "बेकरी चार पावलांवर आहे."

"प्रश्न बेकरीचा नाही. तत्त्वाचा आहे."

पावाचं पीठ आदल्या दिवशी भिजवायचं असल्यामुळे शनिवारी दुपारीच त्यांनी मांड ठोकली. पीठ तोललं, पाणी तोललं, यीस्ट तर इतकं जपून तोललं की श्वासाने काटा हलू नये म्हणून तोंडावर रुमाल धरला. मग मळायला सुरुवात केली. पीठ हाताला चिकटलं, म्हणून थोडं पीठ घातलं. कोरडं झालं, म्हणून पाणी घातलं. पुन्हा चिकटलं. ही देवाणघेवाण बराच वेळ चालली. परात पुरेना, तेव्हा लेकीने माळ्यावरून तिचा लहानपणीचा आंघोळीचा टब काढून दिला. तो घासून, उकळत्या पाण्याने धुऊन पीठ त्यात विराजमान झालं. पीठ वाढलं त्या हिशेबाने यीस्टही वाढायला हवं, म्हणून काटेसाहेब आकडेमोड करायला आतल्या खोलीत गेले.

तेवढ्यात जे घडलं ते त्यांना नंतर कळलं. नर्सबाई आल्या, त्यांनी पिठाला बोट लावून पाहिलं, त्यांना ते अशक्त वाटलं, म्हणून त्यांनी शेजारचं यीस्ट उचलून जरासं घातलं. मग वहिनी आल्या. हा माणूस आकडेमोडीच्या नादात यीस्ट विसरणार अशी खात्री असल्यामुळे त्यांनीही घातलं. लेकीने घातलं ते निव्वळ कुतूहलाने. शेवटी काटेसाहेब आले आणि त्यांनी गणिताप्रमाणे अगदी अचूक यीस्ट घालून पीठ झाकून ठेवलं.

थंडीचे दिवस होते. तास झाला तरी पीठ ढिम्म हललं नाही.

"ऊब पाहिजे त्याला," नर्सबाई म्हणाल्या.

ऊब कुठे मिळणार? घराच्या खिडक्यांतून गार वारा येत होता. विमेवाल्यांनी जिन्याखालची मीटरची खोली सुचवली. बंद, कोरडी, सगळ्या बिऱ्हाडांची मीटरं तिथे, त्यामुळे हिवाळ्यातही पहुडलेल्या मांजरासारखी कोमट. किल्ली सेक्रेटरींकडे. काटेसाहेब गेले तर सेक्रेटरी म्हणाले, "तोंडी नाही चालणार. अर्ज द्या."

"कशाचा अर्ज?"

"सोसायटीच्या सामाईक जागेत तात्पुरती वस्तू ठेवण्याचा."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. काटेसाहेबांना मात्र बरं वाटलं. पद्धतशीर माणूस भेटला की त्यांना नेहमीच बरं वाटायचं. त्यांनी उभ्या उभ्या अर्ज लिहून दिला, सेक्रेटरींनी उभ्या उभ्या मंजूर केला, आणि टब दोघांनी मिळून जिन्याखाली नेऊन ठेवला. वर ओलं फडकं घातलं. दार लोटून घेतलं.

संध्याकाळी काटेसाहेब पीठ बघायला खाली उतरले तेव्हा मीटरखोलीसमोर गर्दी होती. दाराच्या कडीला तार गुंडाळलेली होती आणि तारेला शिशाचं सील लोंबत होतं.

झालं होतं ते असं. वीज कंपनीचा मीटर वाचणारा माणूस नेहमीप्रमाणे आला, त्याने दार उघडलं, दिवा लावला, आणि त्याला कोपऱ्यात एक फडकं दिसलं. ते श्वास घेत होतं. त्याने जवळ जाऊन टॉर्च मारला तर फडक्याच्या कडेने पांढरं काहीतरी फुगत, बुडबुडे सोडत मीटरांच्या दिशेने निघालं होतं. तो माणूस धीराचा असावा, कारण पळून जाण्याआधी त्याने दाराला सील लावलं आणि चिठ्ठी डकवली: "आत संशयास्पद पदार्थ. पदार्थ हालचाल करतो. वरिष्ठांच्या तपासणीशिवाय उघडू नये."

काटेसाहेबांनी चिठ्ठी वाचली. मग वाकून सील बघितलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या तराजूंना सील ठोकलं होतं. कुणीतरी त्यांच्या वस्तूला सील ठोकण्याची ही पहिलीच वेळ. तार घट्ट होती, शिसं नीट दाबलेलं होतं. "काम चोख आहे," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"कौतुक कसलं करताय?" विमेवाले म्हणाले. "एक तार तर आहे. पक्कड आणतो, दोन मिनिटांत मोकळं."

"सील तोडायचं?" काटेसाहेब असे वळले की विमेवाल्यांनी हात खिशात घातले. "तो गुन्हा आहे!"

"अहो, पण पीठ तुमचं आहे ना?"

"पीठ माझं असेल. सील सरकारमान्य आहे."

वर आल्यावर ते खुर्चीत बसून राहिले. उद्या रविवार. पीठ कोठडीत. दुसरा पदार्थ करावा म्हटलं तर सगळा मैदा पिठात गेलेला आणि सगळा उत्साह त्याच्याच मागोमाग. वहिनींनी पुढ्यात ताट ठेवलं. ते निमूट जेवले. पहिल्या घासाला डोळेसुद्धा मिटले नाहीत. वहिनी लेकीला आत जाऊन म्हणाल्या, "मनाला फारच लागलेलं दिसतंय गं," आणि हे म्हणताना त्यांच्या आवाजात विजयाचा आनंद असायला हवा होता, तो नव्हता.

रविवारी सकाळी काटेसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून वीज कंपनीच्या तक्रार कक्षात हजर झाले. सुट्टीमुळे तिथे एकच कारकून होता आणि तो चहात बिस्कीट बुडवत होता.

"वस्तूचं नाव?"

"पीठ."

"तिथे कशासाठी ठेवलं होतं?"

"फुगण्यासाठी."

कारकुनाने मान वर केली. बिस्कीट चहात पडलं.

"वजन?"

इथे काटेसाहेब खुलले. त्यांनी वजन सांगितलं, टबासकट आणि टबाविना असं वेगवेगळं.

"आणि आता फुगून किती झालं असेल?"

"वजन तेच राहतं. आकारमान वाढतं," काटेसाहेबांनी समजावून सांगितलं. कारकुनाने हे उत्तर बराच वेळ न्याहाळलं आणि शेवटी त्या रकान्यात 'वाढते' असं लिहिलं.

"आता नमुना द्या."

"नमुना आत आहे."

"नमुना तपासल्याशिवाय सील काढता येत नाही."

"सील काढल्याशिवाय नमुना मिळत नाही."

"बरोबर," कारकून म्हणाला. काटेसाहेबांना त्या वाक्यांत कुठेही चूक सापडेना, आणि तेच त्यांचं दुःख होतं. शेवटी कारकुनालाच दया आली. किंवा दुसरं बिस्कीट शांतपणे खायचं असेल. त्याने इंजिनियरसाहेबांना घरी फोन लावला.

इंजिनियर भर दुपारी स्कूटरवरून आले. घरी जेवणाचं पान वाढलेलं असताना उठून यावं लागल्यामुळे त्यांचा चेहरा वीज गेल्यासारखा होता. जिन्याखाली सगळी इमारत जमली होती. पक्कड चालली, तार तुटली, दार उघडलं, आणि त्याबरोबर असा आंबूस दर्प बाहेर आला की सेक्रेटरींनी आपण दिलेली मंजुरी मनातल्या मनात मागे घेतली.

पीठ टबात मावत नव्हतं. ते काठावरून उतरून जमिनीवर ऐसपैस पसरलं होतं आणि मीटरांपासून हातभर अंतरावर, सुदैवाने, दमून थांबलं होतं.

"मीटरखोलीत काहीही ठेवायला मनाई आहे, माहीत आहे ना?" इंजिनियर कडाडले, आणि दिवा लावून त्यांनी आत सगळीकडे नजर फिरवली. "आणि या खुर्च्या कुणाच्या?"

नर्सबाई जिन्याच्या कठड्याकडे बघू लागल्या.

"ही ट्रंक?"

विमेवाल्यांना अचानक खोकला आला.

"आणि हे रंगाचे डबे? रंग! मीटरखोलीत! हे कुणाच्या परवानगीने?"

सेक्रेटरींनी डब्यांकडे पाठ केली. डबे त्यांचे होते आणि त्यांनी स्वतःकडे कधीही अर्ज केलेला नव्हता. त्या क्षणापर्यंत सगळे काटेसाहेबांच्या मागे जरा अंतर ठेवून उभे होते. आता एकेक जण पुढे सरकला आणि गुन्हेगारांची एक छानशी रांग झाली. अर्ज दिलेला माणूस त्या रांगेत एकटा काटेसाहेब! त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

इंजिनियरनी कपाळावरचा घाम पुसला. "हे सगळं सामान आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, मी ते पाहिलं नाही. पण याचं काय करू? माझ्या माणसाने लेखी दिलंय की पदार्थ हालचाल करतो. पंचनामा करावाच लागेल. रसायन असेल तर एक कलम, अन्न असेल तर दुसरं. हे आहे काय?"

"अन्न," काटेसाहेब म्हणाले.

"पुरावा?"

तेव्हा गर्दीच्या मागून वहिनी पुढे आल्या. त्यांनी पदर-बिदर काही खोचला नाही, नुसत्या बाह्या मागे सारल्या. "त्यात काय एवढं? भाजू या आणि खाऊ या. खाऊन माणूस उभा राहिला की अन्न."

नर्सबाईंनी सूत्रं हातात घेतली. जमिनीला लागलेला सगळा भाग त्यांनी निर्दयपणे कापून टाकायला लावला. टबातला उरलेला गोळासुद्धा चांगला गलेलठ्ठ होता. घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये त्याचा एक कान मावला असता.

"एका घरात नाही व्हायचं हे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी एकेक गोळा न्या. ज्याच्याकडे जे असेल त्यात भाजा. ओव्हन, तवा, कढई, काहीही."

"पण समान भाग!" काटेसाहेब तराजू आणायला धावले. वहिनींनी त्यांना हाताने थांबवलं आणि सुरीने अंदाजाने भाग पाडले. कुणी तक्रार केली नाही. गुन्हेगारांना पर्याय नसतो.

मग त्या इमारतीत जे झालं ते याआधी कधी झालं नव्हतं. दारं सताड उघडी राहिली. लोक वरखाली पळू लागले. "तुमचा रंग बदलला का?" "आमचा खालून करपतोय, वरून रडतोय!" नर्सबाईंनी जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर वजन ठेवून भाजला. विमेवाल्यांनी कढईत भाजला आणि बादलीभर पाणी शेजारी ठेवलं. सेक्रेटरींनी आधी पत्नीची परवानगी घेतली. हळूहळू जिन्यात भाजलेल्या पावाचा असा वास भरून राहिला की ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं तेही खाली आले, आणि वासाबद्दल सोसायटीला आधी का कळवलं नाही हे विचारायचं सेक्रेटरींना सुचलंसुद्धा नाही.

इंजिनियर जिन्याच्या पायरीवर बसले होते. त्यांच्यापुढे पहिला तुकडा आला तो काटेसाहेबांच्या ओव्हनमधला. बाहेरून कडक, आतून मऊ, मधोमध थोडा संशयास्पद. काटेसाहेब समोर उभे राहिले. इतकी वर्षं दुकानदार त्यांच्यासमोर कसे उभे राहत असतील, तसे.

इंजिनियरनी घास घेतला. चावला. डोळे मिटले.

"लोणी आहे का?" इंजिनियरनी विचारलं.

लोणी आलं. मग नर्सबाईंच्या पातेल्यातला तुकडा आला, विमेवाल्यांच्या कढईतला आला. पंचनामा बारकाईने व्हायला हवा, असं म्हणत इंजिनियरनी एकाही बिऱ्हाडाचा नमुना सोडला नाही. शेवटी त्यांनी हातावरचे कण झटकले, कागद मांडीवर घेतला आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "पदार्थ तपासला. खाण्यायोग्य आढळला."

टाळ्या पडल्या. काटेसाहेब मात्र पुटपुटले, "नुसता खाण्यायोग्य?"

"बाबा," लेक म्हणाली, "आजवर या घरातल्या कुणाच्या स्वयंपाकाला सरकारी शिक्का मिळालाय का? आणि रविवार संपायच्या आत झालाय. धरला आम्ही."

सगळे पांगले. ज्याची त्याची भांडी ज्याच्या त्याच्या घरी गेली. काटेसाहेब घरात आले तेव्हा ओट्यावर घासण्यासारखं जवळपास काहीच नव्हतं, आणि आरामखुर्ची रिकामी नव्हती. तिच्यात वहिनी बसल्या होत्या. मांडीवर बशी, बशीत पावाचा अर्धा तुकडा, मान एका बाजूला कललेली, आणि खिडकीतून येणारं ऊन थेट चेहऱ्यावर. गाढ झोपल्या होत्या. रविवारी दुपारी त्यांना झोपलेलं पाहिल्याचं काटेसाहेबांना आठवेना. आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, नेटाने केला, पण एकही रविवार सापडला नाही.

त्यांनी हलकेच पडदा ओढून चेहऱ्यावरचं ऊन अडवलं आणि मांडीवरची बशी अलगद उचलली. स्वयंपाकघरात टब पडला होता, ओव्हनचा पत्रा पडला होता, सकाळच्या चहाचे कप होते. लेक उठायला लागली तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून तिला बसवलं. ॲप्रन बांधला. आवाज होऊ नये म्हणून नळाची धार अगदी बारीक सोडली, आणि एकेक कप दोन्ही हातांत धरून घासायला सुरुवात केली.